वारा कुठला, दाजी?

चूक झाली ती दालचिनीच्या पावामुळे.

चर्चच्या समितीची बैठक संपत आली होती. ताटलीत दालचिनीचा शेवटचा एकच पाव उरला होता, आणि तो दुसऱ्या कुणाच्या पोटात जायच्या आत ताटली आपल्याकडे सरकावी म्हणून व्हिगो बोयसननं हात वर केला. एवढंच त्याचं कर्तृत्व. नेमकं त्याच वेळी पाद्रीबाई सिग्रिद विचारत होत्या, की आपल्या जहाजाच्या दोऱ्या नव्यानं बांधायचं काम कोण अंगावर घेतंय.

"व्हिगो," बाई म्हणाल्या, "तुमच्या आजोबांना किती बरं वाटलं असतं."

व्हिगोला तिथल्या तिथे खुलासा करता आला असता. (पाव मागण्यात लाज कसली?) पण खिडकीपाशी बसलेला त्याचा मेहुणा थोरकिल हसला. मोठ्यानं नाही, नुसतंच नाकातून, शिंक येता येता राहावी तसं. ते हसू ऐकलं आणि व्हिगोचं तोंड आपोआप उघडून त्यातून शब्द पडले, "हो तर. मीच बांधणार."

पाव थोरकिलनं खाल्ला.

आता हे हसू व्हिगोला एवढं का झोंबलं ते सांगायला हवं. आमच्या बेटावर पुरुषमाणसं एकमेकांना 'कसं काय' असं विचारत नाहीत. 'वारा कुठला?' असं विचारतात. बंदरावर एक लांबच लांब बाक आहे, त्यावर म्हातारे कप्तान ओळीनं बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वारा विचारतात. ज्याला विचारला तो माणूस. ज्याला नाही, तो नुसता रहिवासी. व्हिगोचे आजोबा कप्तान, वडील कप्तान, आणि व्हिगोनं मात्र अख्खी नोकरी फेरीबोटीच्या तिकीट-खिडकीत काढली, कारण धक्क्याला बांधलेल्या बोटीवर पाय ठेवला तरी त्याच्या पोटात ढवळायचं. इतक्या वर्षांत त्या बाकावरून त्याला कुणी वारा विचारला नाही. त्याला विचारायचे, 'सुटे आहेत का?' निवृत्त झाल्यावर तेही बंद झालं.

आणि थोरकिल म्हणजे त्या बाकाच्या मधोमध बसणारा. (तसं पाहिलं तर शेवटची कित्येक वर्षं तो शेजारच्या बेटावर वाळू आणि खडी नेणारा तराफा चालवत होता, आणि त्या सबंध प्रवासात त्याला स्वतःच्या घराचं धुराडं दिसत असे. पण टोपी कप्तानाची होती. आमच्याकडे टोपीला मान आहे.)

जहाजाचं नाव 'होबेट', म्हणजे आशा. व्हिगोचे आजोबा न्यूफाउंडलंडहून खारवलेला मासा भरून आणत, त्या दोन डोलकाठ्यांच्या स्कूनरचं नाव. एका वादळातून सुखरूप परतले तेव्हा नवस फेडायला त्यांनी त्याच स्कूनरची दोन हात लांबीची हुबेहूब प्रतिकृती चर्चला वाहिली. तेव्हापासून ती वेदीकडे तोंड करून छताला टांगलेली. तिला खाली घेत नाहीत. दोऱ्या पार कुजल्या तरच घेतात, उगीच घेतली तर त्या वर्षी बेटावरचा कुणीतरी बुडतो असं म्हणतात. तेव्हा एकदा जे वर गेलं ते एका माणसाच्या आयुष्यभरापुरतं वर गेलं. या खेपेला नाताळच्या प्रार्थनेत तिच्यावरची एक लाकडी कप्पी निसटून थेट थोरकिलच्या टकलावर पडली, म्हणून दोऱ्या कुजल्याचं सर्वानुमते ठरलं. कोपनहेगनहून कारागीर आणायचा विचार होता, इतक्यात दालचिनीच्या पावानं घोळ घातला.

घरी आल्यावर व्हिगोनं ही बातमी बायकोला, गुद्रुनला, सांगितली. ती मोजे विणत होती. टाके न सोडता तिनं एवढंच विचारलं, "जेवायचं कुठं मग?"

गुद्रुनला पुढचं आधी दिसतं. दुसऱ्या दिवशी जहाज आलं आणि जेवणाच्या टेबलावर आडवं पसरलं. टेबलावर ते नीट उभं राहीना, म्हणून व्हिगोनं डोकं चालवलं. चर्चमध्ये ते टांगलेलंच असतं ना? मग टेबलावरचा दिवा काढून त्यानं त्याच्या आकड्याला जहाज टांगलं. कल्पना नामी होती. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती. टांगलेलं जहाज झुलतं. खिडकीच्या फटीतून वारा आला की 'होबेट' हळूच डावीकडे कलायची, मग उजवीकडे, मग सावकाश अर्धी गिरकी घ्यायची, आणि तिच्याकडे टक लावून बसलेल्या व्हिगोचा चेहरा आधी पिवळा, मग हिरवा, मग ओल्या कणकेसारखा व्हायचा.

होय. आमच्या व्हिगोला स्वतःच्या जेवणघरात बोट लागली.

गुद्रुन उठली. तिनं बादली आणून खुर्चीशेजारी ठेवली, आणि त्यानंतर वसंत येईपर्यंत ती बादली तिथून हलली नाही. पाहुणे आले की तिच्यावर एक टॉवेल टाकायचा, एवढंच. (भिंतीला भिंत लागून घरं असली की शेजाऱ्याला या गोष्टी मुद्दाम ऐकाव्या लागत नाहीत.)

मग डांबराचं प्रकरण झालं. जहाजावर काही दोर काळे असतात, काही फिके. डोलकाठ्या जागच्या जागी धरून ठेवणारे ते काळे, डांबरात बुडवलेले. व्हिगोनं कुठंसं वाचलं, की अस्सल रंग यायचा तर दोरा लाकडी डांबरात मंद आचेवर उकळायला हवा. मंद आच गुद्रुनच्या चुलीवर होती आणि बुडाशी जाड असं भांडं म्हणजे तिचं मुरंब्याचं पातेलं. ती बाजाराला गेल्याचं साधून त्यानं काम उरकलं, पातेलं घासून पुसून जागच्या जागी ठेवलं. रंग मात्र झकास आला. त्या वर्षी गुद्रुननं केलेल्या ऱ्हुबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याची एकेक बरणी नेहमीप्रमाणे साऱ्या गल्लीत वाटली गेली. आमची अजून संपलेली नाही. फाटकाच्या बिजागरीला तिच्याइतकं गुणकारी दुसरं काही मिळालेलं नाही.

थोरकिल दर आठवड्याला यायचा. 'बहिणीला भेटायला', असं म्हणायचा आणि बहिणीकडे पाठ करून जहाजाकडे तोंड करून बसायचा. कॉफीत साखरेचा खडा बुडवायचा, चोखायचा, आणि व्हिगोच्या बोटांकडे बघायचा. व्हिगोला एकच गाठ येत होती, तिकिटांचे गठ्ठे बांधायची. तीच त्यानं सगळीकडे मारली होती. डोलकाठीच्या शिड्यांना ती, कप्प्यांना ती, नांगराला ती.

"दाजी," थोरकिल एकदा म्हणाला, "हे जहाज आहे की उन्हाळ्याच्या सुट्टीतला तिकिटांचा हिशोब?"

व्हिगोनं आणखी एक तिकिटाची गाठ मारली. थोरकिल जायला उठला, दारात टोपी घातली आणि म्हणाला, "एक सांगतो. पटलं तर घे. जहाजावर काहीही बांधायच्या आधी स्वतःला विचारायचं, वारा कुठला? ज्याला वारा कळला त्याची दोरी चुकत नाही."

"मला कळतो वारा," व्हिगो म्हणाला.

"कळत असेल की. तिकीट-खिडकीला फट असतेच."

तो गेल्यावर व्हिगो बराच वेळ फणफणत होता. गुद्रुनला म्हणाला, तुझा भाऊ खडीचा कप्तान आहे खडीचा. गुद्रुन म्हणाली, हो, पण त्याला बादली लागत नाही.

मात्र मनातल्या मनात व्हिगोनं तो सल्ला जपून ठेवला. शहाण्या माणसानं सल्ला शत्रूकडूनही घ्यावा, फक्त त्याला कळू देऊ नये. जहाजावर दोन झेंडे लावायचे होते, डोलकाठीच्या शेंड्यावर एक लांबोडकी पताका आणि पिछाडीला तांबडा-पांढरा मोठा झेंडा. गुद्रुननं दोन्ही शिवून बटाट्याच्या पिठाची खळ घातली होती, इतकी कडक की फडकतानाची घडी जशी ठेवाल तशी जन्मभर राहावी. पताका लावायच्या दिवशी व्हिगो खोलीच्या मधोमध उभा राहिला, बोट चाटून वर धरलं, आणि वारा खिडकीकडून स्वयंपाकघराकडे जातोय हे पक्कं केलं. पताकेचं टोक त्यानं स्वयंपाकघराकडे वळवलं आणि खिळा मारला. पुढे पंधरवड्यानं मोठ्या झेंड्याची पाळी आली. पुन्हा बोट चाटलं. वारा तोच, खिडकीकडून स्वयंपाकघराकडे. झेंड्याचं टोक त्यानं स्वयंपाकघराकडे केलं आणि खिळा मारला. या खेपेला त्याला स्वतःचा इतका अभिमान वाटला की त्यानं बादलीवर टॉवेल टाकला आणि दिवसभर काढला नाही.

जहाज मधल्या काळात अर्धी गिरकी घेऊन उलट्या तोंडानं उभं होतं, ही गोष्ट त्यानं पाहिली नाही असं नाही. पाहिली. पण वाऱ्याशी तिचा संबंध काय, असं त्याला वाटलं.

पेंटेकॉस्टचा सण आला. त्या सकाळी जहाज मिरवत बंदरावरून चर्चला न्यायचं ठरलं होतं. पुढं बँड, मग चार टोपीवाले कप्तान खांद्यावर फळी आणि फळीवर जहाज, मागं सगळं गाव. (दोन हात लांबीचं जहाज एकट्या माणसानं काखेत मारून नेलं असतं. पण मग टोप्यांचं काय करायचं?) दोऱ्या बांधणारा माणूस जहाजाच्या मागे एकटा चालतो, ही मानाची जागा. व्हिगोनं त्यासाठी काळा कोट इस्त्री करून घेतला होता. गुद्रुनच्या भट्टीत केक चढला होता. जहाज आकड्यावरून उतरून फळीवर बसलं होतं, आणि काम राहिलं होतं एका दोरीचं.

पण ती दोरी सगळ्यांत मोठी. जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर, एक दांडा असतो. त्याच्या टोकाच्या कडीतून निघून पुढच्या डोलकाठीच्या शेंड्याला आणि तिथून मागच्या डोलकाठीला जाते ती ताणाची दोरी. तिच्या जिवावर दोन्ही डोलकाठ्या ताठ उभ्या. ती गेली, की दोन्ही मागच्या मागं पत्त्याच्या बंगल्यासारख्या. शहाणे लोक ती आधी बांधतात. व्हिगोनं तिथं तात्पुरता गुद्रुनच्या मोज्यांचा लोकरीचा धागा बांधून ठेवला होता, शेवटच्या दिवशी बदलू म्हणून.

आता त्याच सकाळी व्हिगोच्या चष्म्याची दोरी तुटली. चष्मा तो हरवत फिरतो म्हणून गुद्रुननं त्याला गळ्यात दोरी घालायला लावली होती. घाईत दुसरी दोरी कुठली शोधणार? त्यानं डांबरी दोऱ्याच्या रिळाचं टोक घेतलं, चष्म्याच्या डाव्या काडीला बांधलं, मानेमागून आणून उजव्या काडीला बांधलं, आणि पुढचा दोरा रिळापासून तोडला. चष्म्यापासून तोडायचा राहिला. मग तो जहाजावर वाकला. समोर लोंबणारं काळं टोक दिसलं, तेच त्यानं उचललं, नाळेच्या कडीतून ओवलं, पुढच्या डोलकाठीला नेलं, मागच्या डोलकाठीला नेलं, गच्च ओढलं, आपली ती तिकिटाची गाठ मारली, वर सरस थापला, आणि लोकरीचा धागा कापून टाकला. ओढताना दोरी सुरेख ताणली गेली. नाकावर जरासा दाब आला खरा. तो त्यानं जबाबदारीचा मानला.

दारावरची घंटा वाजली. व्हिगो ताठ उभा राहायला गेला, तर जहाजही त्याच्याबरोबर उठायला लागलं.

तो पुन्हा खाली वाकला. जहाजही बसलं.

गुद्रुन केकची सुरी हातात घेऊन आत आली. नवरा जहाजाच्या नाळेला गाल लावून ओणवा होता आणि हलत नव्हता. तिनं जवळ येऊन पाहिलं. कडीपासून त्याच्या कानशिलापर्यंत दोन बोटांचंही अंतर नव्हतं.

"कापू?" तिनं सुरी दाखवून विचारलं.

"खबरदार. कापलीस तर दोरी कडीतून सुटेल आणि दोन्ही डोलकाठ्या आडव्या होतील."

"मग चष्मा काढून गाठ मार."

"चष्मा काढला तर मला गाठ दिसत नाही."

"आणि घातल्यावर?"

व्हिगोनं डोळे तिरळे करून पाहिलं. घातल्यावर गाठ इतकी जवळ होती की तिच्या जागी एक काळं रान दिसत होतं. बाहेर थोरकिलचा आवाज आला, तो दार ढकलत होता. गुद्रुन म्हणाली, दादाला सांगते, तो चुटकीसरशी बांधून देईल.

"सांगशील तर मी या जहाजासकट खिडकीतून उडी मारीन," व्हिगो म्हणाला. त्या क्षणी ते त्याला जमलंही असतं, जोडलेलाच होता.

गुद्रुननं सुरी एप्रनला पुसली. संसारात असे प्रसंग तिनं पुष्कळ पाहिले होते, फक्त त्यांत जहाज नव्हतं. तिनं त्याची टोपी एका हातात घेतली, दुसऱ्या हातानं त्याचा कोट मागून सारखा केला, आणि चार कप्तान आत आले तेव्हा शांतपणे सांगितलं, की त्याला जहाज सोडवत नाही, तो पुढूनच येतोय.

मिरवणूक निघाली. आमच्या बेटानं अशी मिरवणूक आधी पाहिली नव्हती आणि पुन्हा पाहणार नाही. चार टोपीवाले फळी उचलून चालत होते, आणि मागं एकटं चालायचं सोडून व्हिगो पुढं, अर्धा आडवा, अर्धा उलटा, मान वाकडी, गाल नाळेच्या दांड्याला टेकलेला, असा खेकड्यासारखा सरकत होता. गुद्रुन बाजूनं टोपी धरून. बँड वाजत होता. कप्तानांची पावलं पडतील तसं जहाज डुलत होतं, आणि जहाज डुलेल तसं व्हिगोचं पोट. त्याच्या चेहऱ्यावर पिवळा रंग चढला, मग हिरवा, मग कणकेचा. कपाळाला घाम आला आणि डोळ्यांत पाणी.

लोकांना दुसरं काही सुचेना. कोळ्याची म्हातारी विधवा कारोलिना रुमालात तोंड घालून म्हणाली, बघा, आजोबांच्या जहाजाला कसा बिलगलाय. पोस्टमास्तरनं टोपी काढली. त्याचं बघून बाकीच्यांनी काढली. बाकाशेजारून जाताना म्हातारे कप्तान, जे राजा आला तरी उठत नाहीत, ते उठून उभे राहिले. व्हिगोला हे सगळं चष्म्याच्या कडेतून दिसत होतं, आणि पोटात ढवळत असताना, मान अवघडलेली असताना, त्याला वाटलं, आयुष्यात याहून मोठा दिवस नाही. बादली असती तर बरं झालं असतं, एवढीच एक उणीव.

चर्चमध्ये छतातून दोर सोडला होता. वरच्या माळ्यावर थोरकिल गेला, दोर ओढायचं काम त्याच्याकडे. खाली पाद्रीबाई दोन शब्द बोलल्या. माणूस आणि त्याच्या हातचं काम यांची ताटातूट किती अवघड असते, हे आज आपण डोळ्यांनी पाहतोय, असं त्या म्हणाल्या. अक्षरशः खरं होतं ते. मग वरून थोरकिलनं हाक दिली आणि 'होबेट' उचलली गेली.

व्हिगो ताठ झाला. मग चवड्यांवर आला. मग बूट जेमतेम टेकले होते, खालून कागद गेला असता. सगळं चर्च गहिवरून बघत होतं. नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि मोती वर चालला होता.

गुद्रुन त्याच्या कानाशी आली. "नाक की जहाज?" ती हळूच म्हणाली. "एक काहीतरी सोड."

आणि व्हिगोनं ठरवलं. समितीला सांगायचं, की थांबा, उतरवा, चूक झाली, वरच्या थोरकिलला बोलवा, त्याच्याकडून गाठ मारून घ्या, हे एकीकडे. दुसरीकडे एक चष्मा. त्यानं मान खाली घातली, प्रार्थनेत घालतात तशी, आणि चष्मा त्याच्या कानांवरून, दोरी मानेवरून, सर्रकन निघून गेली. वर कुठंतरी टक्क असा आवाज झाला. कडीवर चष्मा जाऊन अडकला होता. आणि आश्चर्य म्हणजे दोरी ताठ राहिली, डोलकाठ्या ताठ राहिल्या. तिकिटाची गाठ जे करू शकली नसती ते दोन काड्यांनी केलं. 'होबेट' वर गेली, वेदीकडे तोंड करून थांबली. माळ्यावर थोरकिलनं दोर कायमचा बांधून टाकला.

व्हिगोनं वर पाहिलं. त्याला पांढऱ्या ढगाखाली एक तपकिरी ढग दिसला. दोन्ही फार सुंदर होते.

त्यानंतरची कॉफी त्याच्या जन्माची कॉफी. जो तो येऊन हात दाबत होता. हात दाबताना काहींचे खांदे गदगदत होते. चेहरे धूसर, त्यामुळे व्हिगोनं ते गहिवरच धरले. एकजण म्हणाला, जहाज हुबेहूब तुझ्यासारखं दिसतं रे. व्हिगोचे डोळे भरून आले. घरी जाताना मात्र त्यानं गुद्रुनला विचारलं, "खरं सांग. खालून दिसतो का?"

"काय?"

"चष्मा."

गुद्रुननं त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली. मग म्हणाली, "चर्च उंच आहे."

"तेच म्हणतो मी. मला तर काहीच दिसलं नाही."

त्याचं समाधान झालं. आपल्याला दिसत नाही ते कुणालाच दिसत नाही, अशा श्रद्धेवर माणसं राज्यं चालवतात, व्हिगोनं तर नुसता चष्मा सोडला होता. नवा करायला पलीकडच्या किनाऱ्यावर जायला हवं होतं, म्हणजे फेरीबोट आली, म्हणजे बोट लागणं आलं. तेव्हा त्यानं जुनाच नंबर पत्रानं कळवला. चष्मेवाल्यानं उलट कळवलं, की इतक्या वर्षांपूर्वीच्या नंबरावर चष्मा करणं म्हणजे वेडेपणा, स्वतः या. ते होईपर्यंत दिवस गेले, आणि ते दिवस व्हिगोनं धुक्यात आणि वैभवात काढले. तो बंदरावरून जाऊ लागला की बाकावरचे धूसर कप्तान सरकून त्याला जागा करून देत. तो बसे. ते त्याच्याकडे बघून एकमेकांना कोपरानं ढोसत असावेत, असं आम्हाला पलीकडून दिसे, त्याला नाही. वारा मात्र त्याला अजून कुणी विचारला नव्हता. विचारतील, तो गुद्रुनला म्हणायचा. घाई नाही.

शेवटी तो बोटीनं जाऊन आला. (जाताना दोनदा, येताना एकदा. समुद्र शांत होता.) नवा चष्मा जाड, चौकोनी, झळझळीत. रविवारी तो घालून, काळा कोट चढवून, व्हिगो चर्चला निघाला. आज तो आपलं जहाज नीट बघणार होता. पण आत जाऊन वर बघायच्या आत त्याला आपल्या बाकावर थोरकिलनं बाजूला सरकून जागा दिली. सगळ्या कप्तानांच्या रांगेत. शेजारी बसवून घेतलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं,

"वारा कुठला, दाजी?"

पुढच्या रांगांतल्या माना वळल्या. मागच्या रांगेतल्या आम्हा बायकांच्याही कुजबुजी थांबल्या. व्हिगोच्या छातीत काहीतरी मोठं होऊन वर आलं. त्याचे आजोबा, वडील, ती तिकीट-खिडकी, तिथं सुट्या पैशांसाठी पुढं आलेले हजारो हात, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. घाई करायची नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. येताना त्यानं बाहेर बोट चाटून पाहिलं होतं, रोजच पाहत असे.

"पश्चिमेचा," तो सावकाश म्हणाला. "जरासा दक्षिणेकडे झुकलेला. दुपारपर्यंत पडेल."

थोरकिलनं आदरानं मान हलवली. बाकावरच्या सगळ्यांनी हलवली.

"तो बाहेरचा," थोरकिल म्हणाला. "आतला कुठला?" आणि त्यानं एक बोट वर केलं.

व्हिगोनं वर पाहिलं. डोलकाठीवरची पताका खळ घातलेली, कडक, मागं पिछाडीकडे फडकत होती. पिछाडीवरचा झेंडा, तोही कडक, पुढं नाळेकडे फडकत होता. एकाच जहाजावर दोन वारे, एकमेकांच्या तोंडावर येणारे, एका माणसाच्या आयुष्यभरापुरते. आणि नाळेच्या टोकाला, खिडकीतून येणाऱ्या उन्हात लखलखत, त्याचा जुना चष्मा वेदीकडे टक लावून पाहत होता, जसा काही त्यालाच तेवढं विचारायचं होतं, की आता जायचं कुठं.

दोरीचा पीळही दिसत होता. शिड्यांवरची एकेक तिकिटाची गाठ मोजता येत होती. नंबर अगदी बरोबर निघाला होता.